ओळखीची चूक : विमानातल्या तापमापकाची घडण



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्या सरांनी आयुष्यभर इन्स्ट्रुमेंटेशन शिकवलं. म्हणून यंदा याच विषयावर बोलावं असं मी सुचवलं, तेव्हा संयोजकांपैकी एकाने अगदी निरागसपणे विचारलं, ‘‘थर्मामीटरवर तासभर बोलण्यासारखं असतं तरी काय?’’ प्रश्न रास्त आहे. तासभर पुरणार नाही, अशी माझी अडचण आहे. पण ती संयोजकांना कळू नये!

आपल्यापैकी बरेच जण विमानाने जातात. समोरच्या पडद्यावर नकाशा येतो, उंची ३८ हजार फूट, वेग ताशी ९०० किलोमीटर, बाहेरचं तापमान उणे ५६. आपण तो आकडा वाचतो, अंगावर शाल ओढतो आणि झोपतो. पण हे उणे ५६ मोजलं कोणी? कशाने? आणि ते खरं कशावरून?

विमानाच्या नाकाजवळ, बाहेरच्या पत्र्यावर बोटभर उंचीचा एक धातूचा खुंट असतो. पुढच्या बाजूला लहानसं तोंड, मागच्या बाजूला हवा बाहेर पडायला वाट. विमानात चढताना दाराशी रांग थांबली, तर डाव्या हाताला नाकाकडे नजर टाका, बऱ्याच विमानांवर तो दिसतो. त्या खुंटाच्या पोटात प्लॅटिनमची केसाहून बारीक तार असते. आजचं व्याख्यान त्या तारेबद्दल आणि तिच्याभोवती उभारलेल्या सगळ्या लटांबराबद्दल आहे.

मी चार मुद्दे घेणार आहे : वेग, तार, पाणी आणि माणूस. पण त्याआधी एक गोष्ट पक्की मनात ठेवूया. थर्मामीटर हवेचं तापमान सांगत नाही. तो तेलाचं सांगत नाही, इंजिनाचंही सांगत नाही. थर्मामीटर फक्त स्वतःचं तापमान सांगतो. बाकी सगळं आपण गृहीत धरतो. ते गृहीतक विमानाच्या धावपळीतही टिकावं, यासाठी जी खटपट करावी लागते तिलाच या उपकरणाचं डिझाइन म्हणतात.

पहिला मुद्दा वेगाचा.

जमिनीवर हवा थर्मामीटरपाशी येते. विमानात थर्मामीटर हवेवर जाऊन आदळतो. सेकंदाला २५० मीटर वेगाने येणारी हवा त्या खुंटात शिरून थांबते तेव्हा तिच्या गतीची ऊर्जा जाते कुठे? तिची उष्णता होते. हिशेब अवघड नाही : वेगाचा वर्ग करा, त्याला सुमारे २ हजार दहाने भागा. २५० मीटरचं उत्तर येतं ३१ अंश. म्हणजे बाहेर उणे ५६ असताना त्या तारेला भेटते ती उणे २५ अंशांची हवा. उणे ५६ तिला कधी भेटतच नाही! पडद्यावर आपण वाचतो तो आकडा संगणकाने वजाबाकी करून काढलेला असतो.

वेग वाढला की ही गोष्ट विकोपाला जाते. कॉन्कॉर्ड हे प्रवासी विमान ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडायचं. बाहेर तशीच कडाक्याची थंडी, पण विमानाच्या नाकावरची मर्यादा होती १२७ अंश. उकळत्या पाण्याहून गरम! त्या विमानाचा वेग किती ठेवायचा हे पुष्कळदा इंजिनाच्या ताकदीवर ठरत नसे, ते नाकाच्या तापमानावर ठरे.

आता तुम्ही म्हणाल, ३१ अंश वजा केले की झालं, अडचण काय? अडचण अशी, की उघडा थर्मामीटर बाहेर धरला तर हवा त्याच्यावर पूर्ण थांबत नाही. ती त्याला घासून निघून जाते, आणि ३१ पैकी साधारण ८५ ते ९० टक्केच उष्णता त्याला मिळते. ८५ की ९०? ते पृष्ठभागालगतची हवा संथ वाहते आहे की खळबळून, यावर अवलंबून. आज ८५, उद्या रंगाचा एक पोपडा निघाला की ८९. या तफावतीतला प्रत्येक टक्का म्हणजे तीन दशांश अंशाची चूक. चूक मोठी आहे म्हणून मी घाबरत नाही. ती उद्या किती असेल ते मला माहीत नाही, म्हणून घाबरतो.

म्हणून तो खुंट. त्याच्या तोंडातून हवा आत घ्यायची, तारेपाशी तिला जवळजवळ थांबवायची, म्हणजे जवळपास सगळी उष्णता मिळते आणि दरवेळी तेवढीच मिळते. मग वजाबाकी बिनधास्त करता येते. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाची रोझमाउंट नावाच्या गावी एक वैमानिकी प्रयोगशाळा होती. तिथल्या मंडळींनी १९५६ मध्ये कंपनी काढली, गावाचंच नाव तिला दिलं, आणि अमेरिकन हवाई दलासाठी असे खुंट बनवले. आज आपल्याकडच्या रासायनिक कारखान्यांत रोझमाउंट हे नाव ट्रान्समीटरवर वाचून ओळखणारे इंजिनिअर या सभागृहात नक्की असतील. त्या नावाचा उगम विमानाच्या या थर्मामीटरात आहे.

आणि हे एवढं कशासाठी? प्रवाशांच्या कुतूहलासाठी? मुळीच नाही. हवेचं तापमान कळल्याशिवाय ध्वनीचा वेग कळत नाही, तो कळल्याशिवाय विमानाचा हवेतला खरा वेग कळत नाही, आणि तो कळल्याशिवाय वारा किती ते कळत नाही. इंजिनाला किती जोर लावू द्यायचा हेही तापमानावर ठरतं. मे महिन्यातल्या नागपूरच्या दुपारी हवा विरळ होते, इंजिनाचा जोर घटतो, पंखांची उचल घटते, आणि कधीकधी वजन कमी करून उड्डाण करावं लागतं. या साऱ्या हिशेबाच्या मुळाशी तापमानाचा आकडा बसलेला असतो.

दुसरा मुद्दा तारेचा.

प्लॅटिनम तापलं की त्याचा विद्युतरोध वाढतो. रोध मोजा, तापमान कळेल. कल्पना इतकी सोपी, की विल्यम सीमेन्स यांनी ती १८७१ मध्येच मांडली होती. त्यांनी तार मातीच्या नळीवर गुंडाळली, लोखंडी आवरणात घातली आणि भट्टीत खुपसली. मजबूत काम! पण तापवून थंड केल्यावर तार पूर्वीचा आकडा दाखवेना. प्लॅटिनम बदनाम झालं. पुढे १८८७ मध्ये केंब्रिजच्या ह्यू कॅलेंडर यांनी दाखवून दिलं की दोष प्लॅटिनमचा नाही, त्याला दिलेल्या वागणुकीचा आहे. तार शुद्ध ठेवा, तिच्यावर ताण येऊ देऊ नका, ती आयुष्यभर इमानाने वागेल.

इथे आमच्या धंद्यातली खरी पंचाईत सुरू होते. ताण येऊ द्यायचा नाही म्हणजे तार सैल लोंबती ठेवायची. प्रयोगशाळेतले उत्तमोत्तम प्लॅटिनम थर्मामीटर असेच असतात. ते इतके नाजूक, की टेबलावर जरा आपटले तरी त्यांचं वाचन बारीकसं सरकतं. आता हा थर्मामीटर विमानाच्या नाकावर बसवा. इंजिनाची थरथर, धावपट्टीवरचे हादरे, गारांचा मार. सैल तार किती वेळ टिकेल?

मग तार चारी बाजूंनी धरायची. सिरॅमिकच्या गाभ्यावर गुंडाळायची, काचेने किंवा बारीक भुकटीने तिला आधार द्यायचा. तार टिकते. पण प्लॅटिनम आणि त्याचा आधार गरम झाल्यावर सारखे फुगले नाहीत, तर तोच आधार तारेला ओढतो, आणि सीमेन्स यांचा जुना रोग परत येतो. म्हणून प्लॅटिनमशी जुळवून फुगणारी काच आणि सिरॅमिक निवडावं लागतं. शिवाय आधार म्हणजे वस्तुमान, आणि वस्तुमान म्हणजे संथपणा. एक सेकंद उशिराने प्रतिसाद देणारा थर्मामीटर विमानात असेल तर त्या सेकंदात विमान पाव किलोमीटर पुढे गेलेलं असतं. प्रवासी विमानाला ते चालतं. ढगात शिरून ढगाच्या कडेचं तापमान मोजणाऱ्या संशोधकाला कसं चालेल? ढगाची कड तेवढ्यात निघून गेली!

म्हणून एकाच कंपनीच्या यादीत दोन खुंट असतात : एक उघड्या तारेचा, चपळ आणि नाजूक, दुसरा आवरणातल्या तारेचा, दणकट आणि सुस्त. तिसरा, चपळ आणि दणकट, मागू नका. तो विकणारा भेटलाच तर त्याला कंपन-चाचणीचा अहवाल मागा.

कंपन-चाचणीचं नाव काढलंच आहे, तर ती कशी दिसते ते सांगतो. जाड लोखंडी पायावर लाउडस्पीकरच्याच तत्त्वावर चालणारं कंपनयंत्र असतं, शेकर. त्यावर नमुना बोल्टने घट्ट आवळायचा. मग कंपनसंख्या हळूहळू वाढवत न्यायची. खोलीभर घरघर, मग गुणगुण, मग कानात घुसणारी शिट्टी. अंधार करून स्ट्रोबोस्कोपचा लुकलुकता प्रकाश टाकला की धावतं कंपन डोळ्यांना संथ दिसू लागतं, आणि एका ठरावीक सुराला एखादी वायर नागासारखी डोलताना दिसते. नवशिक्या इंजिनिअरचं लक्ष प्लॅटिनमच्या तारेवर असतं. ती बहुधा शाबूत राहते. तुटतं ते तिचं आणि जाड वायरीचं सांध्याचं ठिकाण, जिथे बारीक संपून जाड सुरू होतं. उपाय काय? वायर आणखी जाड करायची? त्याने सांधा आणखी लवकर तुटतो! वायरीला एक ढिला वेढा द्यायचा आणि सांध्याच्या अलीकडे तिला घट्ट बांधायचं, म्हणजे हादरा सांध्यापर्यंत पोचतच नाही. ही अक्कल पुस्तकात एका ओळीत असते. शेकरवर ती नमुने तुटून येते.

विमानात बसणाऱ्या उपकरणांसाठी डीओ-१६० नावाची एक जाडजूड नियमावली आहे. आपल्या संरक्षण खात्याची जेएसएस ५५५५५ ही तिचीच चुलत बहीण. त्यात थंडी, उष्णता, विरळ हवा, दमटपणा, धक्के, कंपन, धूळ, इंधन आणि तेलाचे शिंतोडे, विजेचे झटके, बर्फ, सगळं आहे. बुरशीचीसुद्धा चाचणी आहे. हसू नका, आपल्या पावसाळ्यात कनेक्टरवर काय उगवतं ते कोकणातल्या माणसाला विचारा. आणि मिठाच्या फवाऱ्याची आहे. गोव्यात दाबोळीला नौदलाच्या तळावर उभ्या असलेल्या विमानाला ती चाचणी समुद्र रोज फुकट देतो.

मीठ इतकं वाईट का? साधा आकडा पाहा. शून्य अंशाला १०० ओहम असलेल्या प्लॅटिनम तारेचा रोध एका अंशाला वाढतो ०.३८५ ओहम. अर्ध्या ओहमहूनही कमी. म्हणजे तारेपासून संगणकापर्यंतच्या वाटेत एखादी कनेक्टरची पिन गंजली आणि तिने ०.४ ओहमची भर घातली, की आकाश एका अंशाने तापलं! म्हणून दोनाऐवजी चार वायरी नेतात : दोन वायरींतून करंट पाठवायचा, उरलेल्या दोघींनी फक्त व्होल्टेज मोजायचं. मोजणाऱ्या वायरींतून करंट जवळजवळ वाहतच नाही, त्यामुळे त्यांच्या रोधाची भर वाचनात पडत नाही. गंज थांबवता येत नाही, पण त्याला हिशेबातून वगळता येतं.

इंजिनाच्या मागच्या झोताबद्दल दोनच वाक्यं सांगतो, नाहीतर वेळ त्यातच जाईल. तिथे प्लॅटिनमची बारीक तार नाही, क्रोमेल आणि ॲल्युमेल या दोन मिश्रधातूंचं थर्मोकपल लागतं, आणि ते एका अंशाला जेमतेम ४१ मायक्रोव्होल्ट देतं. म्हणून झोताभोवती अशी अनेक थर्मोकपलं गोलाकार बसवून ती समांतर जोडतात : सरासरी मिळते आणि एखादं तुटलं तरी बाकीची बोलत राहतात.

तिसरा मुद्दा पाण्याचा.

विमान ढगात शिरतं. तार ओली होते. पुढे काय होतं? माठातलं पाणी ज्या नियमाने गार होतं, त्याच नियमाने ओली तार गार होते. ती स्वतःचं तापमान इमानाने सांगते, आणि आपण समजतो ढग गार आहे. ढगात वर चढणारी हवा भोवतालच्या हवेपेक्षा किती उबदार आहे, यावर ढगाची वाढ ठरते, आणि तो फरक अनेकदा एखाद-दुसऱ्या अंशाचाच असतो. तिथे ओल्या तारेने अंशभराची चूक केली तर उबदार ढग कागदावर थंड होतो. पुण्याच्या पाषाणमधल्या आयआयटीएम या संस्थेने २००९ पासून ‘कैपेक्स’ या मोहिमेत विमानं मान्सूनच्या ढगांत नेली. पुढे सोलापूर परिसरात त्याच मोहिमेचं काम झालं. पावसाचे ढग का बरसतात आणि का रुसतात, हा आपल्या दुष्काळी भागाचा प्रश्न आहे. म्हणून ओल्या तारेचा विषय आपल्याला परका नाही.

यावर तोडगा मोठा सुबक आहे. खुंटाच्या आत हवेला काटकोनात वळायला लावतात. हवा हलकी, ती वळते. थेंब जड, तो वळू शकत नाही, सरळ जाऊन मागच्या वाटेने बाहेर पडतो. वळलेली हवा तारेपाशी येते. कोणतीही जाळी नाही, हलणारा भाग नाही. सगळे थेंब टळत नाहीत, पण बरेच टळतात.

आता बर्फ. खुंटाचं तोंड बर्फाने बुजलं तर सगळंच संपलं. म्हणून त्याच्या भिंतीत हीटर बसवतात. काय विनोद आहे पाहा : थर्मामीटरच्या घरातच शेगडी! पण त्यामागे विचार आहे. भिंतीलगतची तापलेली हवा लहान छिद्रांतून बाहेर शोषली जाते आणि ताजी हवा तारेपर्यंत जाते. तरी थोडी ऊब पोचतेच. वेग जास्त असेल तर चूक कमी, वेग कमी असेल तर जास्त. पण ती मोजून ठेवता येते, तक्ता करता येतो, वजा करता येते. जमिनीवर वाराच नाही, तिथे हा हीटर सुरू राहिला तर आकडा भलताच चढतो. म्हणून चाकं जमिनीवर असताना तो आपोआप बंद राहील अशी सोय असते. ही सोय लक्षात ठेवा, चौथ्या मुद्द्यात तिचं काम आहे.

त्याआधी एक नवल. मोठ्या उष्णकटिबंधीय वादळाच्या माथ्यावर, जिथे पाणी द्रवरूपात जवळजवळ उरलेलंच नसतं, तिथे बर्फाचे अतिसूक्ष्म स्फटिक दाट भरलेले असतात. अशा हवेत उडणाऱ्या विमानांच्या नोंदींत एक विचित्र गोष्ट दिसली : तापमान चढत चढत नेमकं शून्य अंशावर येऊन थांबतं. शून्यच का? स्फटिक खुंटात साचतात, हीटर त्यांना अर्धवट वितळवतो, आणि तार बर्फ-पाण्याच्या लगद्यात बुडते. आपण प्रयोगशाळेत थर्मामीटर तपासायला बर्फ-पाण्याचं भांडं घेतो ना? ३५ हजार फुटांवर वादळाने तेच भांडं तयार करून दिलं! हा आकडा हवेबद्दल साफ खोटा आहे, पण त्यातून कळतं ते मोलाचं : विमान अशा स्फटिकांत शिरलं आहे, आणि हेच स्फटिक इंजिनात साचून त्याची ताकद घालवू शकतात. या स्फटिकांचा माग काढायला २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डार्विनहून आणि २०१५ मध्ये फ्रेंच गयानातल्या कायेनहून संशोधन-विमानं मुद्दाम अशा वादळांत नेली गेली. ज्या चुकीला आपण ओळखतो, ती चूकसुद्धा बातमी देते.

आणि आता चौथा मुद्दा, माणसाचा.

२० ऑगस्ट २००८. माद्रिदचं बाराहास विमानतळ. स्पॅनएअरचं एमडी-८२ विमान ग्रान कनारियाकडे निघालं होतं. धावपट्टीकडे जाताना वैमानिकांना दिसलं, की बाहेरच्या हवेचं तापमान दाखवणारा खुंट अवास्तव गरम आहे. विमान परत फिरलं. तंत्रज्ञांनी पाहिलं : हीटर जमिनीवर असतानाच चालू होता. ऑगस्टमधलं माद्रिद, बर्फाचा प्रश्न नाही. नियमावली सांगते की हीटर बंद ठेवून उड्डाण करता येईल. सर्किट ब्रेकर ओढला, हीटर बंद झाला, तक्रार मिटली. सगळं नियमात!

विमान पुन्हा निघालं. या गडबडीत उड्डाणासाठी पंखांच्या फळ्या, फ्लॅप आणि स्लॅट, उघडायच्या राहिल्या. त्या उघडल्या नसतील तर भोंगा वाजायला हवा. भोंगा वाजला नाही. १७२ माणसांपैकी १५४ गेली.

खुंटाचा याच्याशी काय संबंध? त्या विमानात हीटर जमिनीवर बंद ठेवणारा आणि हा भोंगा जमिनीवर जागा ठेवणारा रिले एकच होता. चाकं जमिनीवर आहेत की हवेत, हे दोघांनाही तोच सांगायचा. भोंगा नेमका कशामुळे मुका राहिला हे तपासात निर्विवादपणे सिद्ध करता आलं नाही, पण संशयाची सुई त्या रिलेवर गेली. थर्मामीटर त्या दिवशी बिघडलेला नव्हताच. तो खरं तेच सांगत होता : मी गरम आहे. का गरम आहे, हा प्रश्न विचारायचा होता. तो न विचारता त्याला गार करण्यात आलं.

मी त्या तंत्रज्ञांकडे बोट दाखवत नाही. त्यांच्या हातात जी नियमावली होती तिने त्यांना हाच मार्ग दाखवला होता. माझा रोख माझ्यासारख्या डिझाइन करणाऱ्यांकडे आहे. आपण खुंट बनवला, तार जपली, गंज चुकवला, थेंब वळवला. पण आकडा विचित्र आला तर तो काय काय सांगत असू शकतो, हे वापरणाऱ्यापर्यंत पोचवलं का? दुरुस्तीच्या पुस्तकात ‘जमिनीवर हीटर चालू आढळल्यास रिले तपासा, त्या रिलेवर आणखी काय अवलंबून आहे ते तपासा’ ही ओळ नसेल, तर उपकरण दणकट झालं असं मी म्हणणार नाही. त्याचं फक्त आवरण दणकट झालं.

वेळ संपत आली. सारांश सांगतो.

पहिलं : धावत्या हवेत थर्मामीटरला हवेचं खरं तापमान कधीच मिळत नाही, म्हणून त्याला मिळणारी उष्णता दरवेळी सारखी असेल अशी व्यवस्था करायची. दुसरं : मजबुती जाडीतून येत नाही, ती सांध्यांतून, आधारातून आणि वायरींच्या मांडणीतून येते, आणि तिची किंमत चपळाईने मोजावी लागते. तिसरं : पाणी आणि बर्फ वाचन बिघडवणारच, पण ते कसं बिघडवतात हे ठाऊक असेल तर बिघाडही उपयोगी पडतो. चौथं : आकडा विचित्र आला तर त्याला गप्प करण्याआधी त्याचं म्हणणं ऐकायचं.

या चारांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. आज हजारो प्रवासी विमानं उडता उडता आपलं तापमान हवामान खात्यांना पाठवतात, आणि उद्याच्या अंदाजाची गणितं त्यावर चालतात. २०२० मध्ये टाळेबंदीत विमानं जमिनीवर आली तेव्हा या नोंदींचा ओघ एकदम आटला आणि जगभरच्या हवामान केंद्रांना त्याची दखल घ्यावी लागली. गंमत अशी, की ही विमानं सरासरीने किंचित उबदार आकडा देतात हे सर्वांना माहीत आहे. तरी त्या नोंदी टाकून देत नाहीत. प्रत्येक विमानाची चूक पुष्कळशी ठरलेली असते, ती काढून टाकतात आणि उरलेला आकडा वापरतात. चूक नसलेला थर्मामीटर अजून कोणी बनवलेला नाही. ज्याची चूक थंडीत, पावसात, कंपनात, दहा वर्षांनीही तीच राहते, तो खंबीर थर्मामीटर.

म्हणून इथे बसलेल्या विद्यार्थ्यांना जाता जाता सांगतो. उद्या तुमच्यासमोर एखादं उपकरण विकायला कोणी आलं, तर ‘किती अचूक आहे?’ हा प्रश्न दुसरा विचारा. पहिला विचारा, ‘हे चुकतं तेव्हा कसं चुकतं?’ त्याला उत्तर देता आलं नाही, तर चहा पाजून त्याला परत पाठवा.